अनेक वर्षांची वादळे एका पडद्यावर: हरिकेनचे हवामानशास्त्र शिकवण्याची पद्धत

नागपूर दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर आत असल्यामुळे येथील विद्यार्थ्यांना चक्रीवादळ (अटलांटिकमधील तीव्र चक्रीवादळाला हरिकेन म्हणतात) बहुधा बातम्यांतूनच माहीत होते, आणि बातमी नेहमी एकाच वादळाची असते. हवामानशास्त्र मात्र विचारते की, अनेक वर्षांची सगळी वादळे एकत्र पाहिली, तर ती कोठे, कोणत्या महिन्यांत आणि किती तीव्रतेची होतात. याचे उत्तर शिक्षकांनी आधी सांगू नये. विद्यार्थ्यांनी ते मूळ नोंदींतून स्वतः काढावे, असे माझे ठाम मत आहे.

नोंदींसाठी अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान व सागर संस्थेचा 'आयबीट्रॅक्स' हा जगभरच्या चक्रीवादळांच्या नोंदींचा विनामूल्य संग्रह घ्यावा. त्यात सागरी खोऱ्यांनुसार वेगळ्या सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फायली असून प्रत्येक वादळाचे स्थान, वेळ आणि वाऱ्याचा वेग दर तीन तासांच्या अंतराने दिलेला असतो. उत्तर अटलांटिक आणि उत्तर हिंदी महासागर या दोन फायली पुरतात. शीर्षकाखालच्या दुसऱ्या ओळीत केवळ एकके लिहिलेली असतात. ती ओळ आधीच काढून टाकावी, नाहीतर सॉफ्टवेअर अक्षांश-रेखांशांना अंक न मानता मजकूर मानते आणि नकाशावर बिंदू उमटत नाहीत. वादळाचा ओळखक्रमांक, वर्ष, नाव, वेळ, अक्षांश, रेखांश आणि वेग एवढेच रकाने ठेवले, तर शाळेच्या संगणकावरही फाईल सहज उघडते. ही तयारी शिक्षकांनी घरीच करावी.

वेगाचा रकाना निवडताना विशेष काळजी घ्यावी. भारतीय हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी घेतो, तर अमेरिकन संस्था एका मिनिटाची. त्यामुळे तुलनेसाठी दोन्ही फायलींत 'यूएसए विंड' हाच रकाना वापरावा.

पहिल्या तासाला साधी स्प्रेडशीट पुरे. 1991 ते 2020 ही तीस वर्षे निवडून ओळी ओळखक्रमांक आणि वेळ यांनुसार लावाव्यात, 34 नॉट (ताशी सुमारे 63 किलोमीटर, ज्या वेगापासून चक्रीवादळ मानले जाते) किंवा त्याहून अधिक वेगाच्या ओळी नव्या पानावर घ्याव्यात आणि प्रत्येक ओळखक्रमांकाची केवळ पहिली ओळ ठेवावी. ही शेवटची पायरी वगळली, तर जास्त दिवस टिकलेले एकच वादळ अनेकदा मोजले जाते. अटलांटिकच्या एकूण संख्येला तीसने भागल्यावर वर्षाला सुमारे 14 हे उत्तर आले, तर मोजणी बरोबर झाली असे समजावे. मग दोन्ही महासागरांचे महिनावार स्तंभालेख एकाखाली एक काढावेत.

येथे घाई करू नये, कारण सगळ्या पाठाचा गाभा या दोन आलेखांत आहे. अटलांटिकच्या आलेखात सप्टेंबरमध्ये एकच उंच शिखर दिसते. आपल्या आलेखात मेच्या आसपास एक आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसरे अशी दोन शिखरे दिसतात, आणि मधले जुलै-ऑगस्ट जवळजवळ रिकामे राहतात. पावसाळ्यात समुद्र उबदार असूनही असे का होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांकडूनच यावा आणि त्यांच्या तर्कांना पुरेसा वेळ द्यावा. समुद्राचे तापमान सुमारे 26.5 अंश सेल्सिअसच्या वर असणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने भागत नाही. मोसमी काळात खालच्या थरात नैर्ऋत्येकडून आणि उंचावर पूर्वेकडून जोरदार वारे वाहत असल्यामुळे वादळाचा उभा स्तंभ टिकत नाही. शिवाय बंगालच्या उपसागरात तयार झालेली कमी दाबाची क्षेत्रे लवकरच जमिनीवर येतात. विदर्भाला पाऊस देणाऱ्या अशा बहुतेक प्रणाली 34 नॉटपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून त्या या आलेखात नाहीत, हेही येथेच सांगावे.

नकाशासाठी 'क्यूजीआयएस' हे विनामूल्य सॉफ्टवेअर उत्तम. सीएसव्ही बिंदूंचा थर म्हणून घ्यावी, 'पॉइंट्स टू पाथ' या साधनात ओळखक्रमांकानुसार गट आणि वेळेनुसार क्रम द्यावा. प्रत्येक वादळाची रेषा तयार होते. बिंदूंना वेगानुसार एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा द्याव्यात. इंद्रधनुषी रंगांत कमी-अधिक वेग नजरेला नीट कळत नाही. विषुववृत्तालगतचा पट्टा रिकामा दिसला, की कोरिऑलिस बलाकडे, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्यांना वळवणाऱ्या आणि विषुववृत्तावर नाहीशा होणाऱ्या बलाकडे, वळता येते. त्यानंतर 3 जून 2020 रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेले 'निसर्ग' शोधून, ते ईशान्येकडे सरकत असताना वेग कसा घटत गेला, हे विद्यार्थ्यांना वाचायला लावावे. उत्सुक गटाने नागपूरभोवती 300 किलोमीटरचे वर्तुळ काढून त्यात शिरलेल्या रेषा निवडाव्यात. त्यासाठी नकाशाचे प्रक्षेपण यूटीएम 44 उत्तर (अंतरे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणारे) असे बदलावे लागते.

वरच्या वर्गांना अटलांटिकचा 1851 पासूनचा वार्षिक आलेखही द्यावा. त्यातील चढ पाहून विद्यार्थी लगेच तापमानवाढीचे नाव घेतात. तेव्हा त्यांना विचारावे की, 1960 मध्ये पहिला हवामान उपग्रह जाण्यापूर्वी भर समुद्रातले वादळ कोणाला दिसत होते? 1940च्या दशकात टेहळणी विमाने जाऊ लागेपर्यंत तर जहाज जवळून गेले, तरच नोंद होई. मग केवळ अमेरिकेच्या किनाऱ्यावर आदळलेल्या हरिकेनचा आलेख काढून घ्यावा. त्यात तसा स्पष्ट चढ दिसत नाही. मात्र यावरून तापमानवाढीचा परिणामच नाही, असा उलटा निष्कर्ष कोणी काढू नये, म्हणून आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2021 च्या अहवालातील निष्कर्षही त्याच तासाला सांगावा: गेल्या चार दशकांत जगभरातील वादळांमध्ये तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीच्या तीव्र वादळांचे प्रमाण बहुधा वाढले आहे.