स्पेनला राहायला निघण्याआधी

निवृत्तीनंतर स्पेनमध्ये राहायचं ठरलं की बहुतेक जण आधी घरं बघायला लागतात. समुद्राकडची गॅलरी, खाली संत्र्याची झाडं, भाडं किती. मी तयारीची यादी उलट्या बाजूने लावायला सांगते. पैसे मोजले की महिन्याभरात मिळतं ते सगळं शेवटी. पैसे मोजूनही वेळेत मिळेलच याची खात्री नाही, ते आधी हातात घ्यायचं. घर शेवटच्या भागात मोडतं. विमा, लग्नाचा दाखला आणि भाषा पहिल्या भागात.

व्हिसा कोणता, हे मात्र सुरुवातीलाच पक्कं असावं. मुलगी म्युनिकला किंवा मुलगा ॲमस्टरडॅमला, त्या देशात आईवडिलांना कायमचं ठेवून घेण्याची वाट अरुंद, आणि टुरिस्ट म्हणून गेलं तर १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा; म्हणून निदान युरोपात तरी राहू, असा विचार करणाऱ्या जोडप्यांना स्पेनचा ‘नो लुक्रातिवा’ निवास व्हिसा सोयीचा पडतो. काम न करता स्वतःच्या पैशावर राहणाऱ्यांसाठी तो आहे. काम म्हणजे कुठलंच काम. पुण्यातल्या कंपनीची सल्लागारी लॅपटॉपवरून करणंही त्यात बसत नाही. घर विकत घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा ३ एप्रिल २०२५ ला बंद झाला. तो अजूनही विकणारा एजंट भेटला तर चहा पाजून परत पाठवा. गोव्यातल्या काही घरांची गोष्ट वेगळी. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी तिथे जन्मलेल्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं असेल तर ते युरोपीय संघाचे नागरिक. त्यांना हा व्हिसा लागतच नाही. त्यांचं भारतीय नागरिकत्व मात्र गेलेलं असतं, म्हणून इथल्या कामांसाठी ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड हवं.

आता विमा. पासपोर्ट कपाटातून काढण्याआधी हे काम करा. आपला मेडिक्लेम चालत नाही, प्रवासी विमाही नाही. स्पेनमध्ये व्यवसायाची परवानगी असलेल्या कंपनीची पॉलिसी लागते, आणि ती सरकारी आरोग्यसेवेइतकं सगळं भरून देणारी, दर भेटीला खिशातून काही न मागणारी, पहिल्या दिवसापासून लागू असणारी हवी. साठीच्या आतल्या धडधाकट माणसाला ती सहज मिळते. सत्तरी जवळ आली, शुगर-बीपी आहे, अँजिओप्लास्टी झाली आहे, की प्रश्नावली लांबत जाते. मग एक तर नकार, नाही तर जुना आजार वगळून पॉलिसी. आजार लपवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, क्लेमच्या वेळी पहिलं तेच बाहेर काढतात. दोघांपैकी ज्याची तब्येत नाजूक, त्याचा विमा आधी मागा. तो मिळाला नाही तर पुढचा सगळा खर्च आणि पायपीट तिथेच वाचते. एक वर्ष राहून झालं की ‘कॉन्व्हेनियो एस्पेसियाल’ या योजनेत पैसे भरून सरकारी सेवेत शिरता येतं: ६५ च्या आत महिन्याला माणशी ६० युरो, ६५ पासून १५७. जुने आजारही त्यात येतात, औषधं मात्र पूर्ण किमतीला घ्यावी लागतात.

औषधांवरून आठवलं. डॉक्टरांकडून गोळ्यांची यादी ब्रँडच्या नावाने नको, मूळ औषधाच्या नावाने लिहून घ्या. ग्लायकोमेट म्हटलं तर स्पेनचा फार्मसीवाला नुसता बघत राहील. मेटफॉर्मिना म्हटलं की खण उघडेल. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं घालायची पद्धत आहे. तशीच्या तशी गोळी तिथे मिळेल या भरवशावर राहू नका. निघण्याच्या तीन-चार महिने आधी डॉक्टरांना ती वेगवेगळ्या गोळ्यांत फोडून द्यायला सांगा, म्हणजे मानवते की नाही ते इथेच कळेल.

लग्नाचा दाखला ऐकायला किरकोळ वाटतो. १९८० च्या आगेमागे लग्न झालेल्या कितीतरी जोडप्यांकडे पत्रिका आहे, अल्बम आहे, दाखला नाही. कधी लागलाच नाही. वकिलातीला मात्र नोंदणीचाच दाखला लागतो, पत्रिका दाखवून भागत नाही. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत आजही नोंदणी होते: नमुना ‘ड’ चा अर्ज, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, पत्रिका, लग्नातला एखादा फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. चाळीस वर्षांनी भटजी कुठून आणायचे? तेव्हा प्रतिज्ञापत्र करावं लागतं. खरा घोळ पुढे निघतो. पत्रिकेवर चि. सौ. कां. शैलजा, शाळेच्या दाखल्यावर तीच शैलजा माहेरच्या आडनावाने, आधारवर सासरी ठेवलेलं सुनीता, आणि पॅनवर सुनीताचं वेगळंच स्पेलिंग. खिडकीपलीकडच्या माणसाला या दोन बायका वाटतात. राजपत्रात नाव बदलल्याची नोंद करून घ्या, पॅन-आधार-पासपोर्ट एका अक्षराचा फरक न ठेवता जुळवा, आणि हे सगळं नोंदणीच्या आधी करा. दाखला इंग्रजीतही आहे ना, ते तिथल्या तिथे बघून घ्या, कारण पुढे इंग्रजीवरून स्पॅनिश करणारा अनुवादक शोधणं सोपं जातं.

मग अपोस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का. भारत २००५ पासून त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. दाखल्यावर आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, आणि मग स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर, असा क्रम. आधी भाषांतर करून मग अपोस्टिल घेतलं तर अपोस्टिलचं भाषांतर राहून जातं. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून. गेल्या पाच वर्षांत नातवंडांसाठी दुबईला लांब मुक्काम झाला असेल तर तिथलाही दाखला मागतात. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांचा उल्लेख हवा. या दोन्ही कागदांची मुदत थोडी असते, म्हणून ते शेवटी. लग्नाचा दाखला आधी, कारण त्याला लागणारा वेळ कुणीच सांगू शकत नाही.

फॉर्म भरताना एक जपा. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, वडिलांकडचं आणि आईकडचं. आपलं मधलं नाव तिथला कारकून बिनदिक्कत पहिलं आडनाव म्हणून टाकतो आणि सुधीर वसंत कुलकर्णींचे सेन्योर वसंत होतात. बँकेत एक, कार्डावर दुसरं, असं झालं की निस्तरायला महिने जातात. पासपोर्टवर जे ज्या रकान्यात आहे तेच लिहायचं, दुसऱ्या आडनावाची जागा मोकळी सोडायची.

पैशाचा हिशेब ‘इप्रेम’ या सरकारी निर्देशांकावर चालतो. २०२३ पासून तो महिना ६०० युरो आहे. अर्जदाराने त्याच्या चौपट दाखवायचं, जोडीदारासाठी आणखी एकपट. म्हणजे दोघांचे वर्षाला ३६,००० युरो. युरो शंभर रुपये धरला तर ३६ लाख. पहिला परवाना एक वर्षाचा, पुढचे दोन-दोन वर्षांचे, आणि नूतनीकरणाच्या वेळी दोन वर्षांची तजवीज एकदम दाखवावी लागते. नियमित पेन्शन असलेल्याचं काम सोपं होतं. सगळा पैसा एफडीत असेल तर बँकेची पत्रं आणि सीएचं प्रमाणपत्र जाडजूड लागतं. पाच वर्षांनी कायमचा निवास मिळतो, त्यासाठी पाच वर्षांत मिळून दहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलेलं चालत नाही. दरवर्षी गणपती ते दिवाळी घरी, असा बेत असेल तर हे गणित आधीच मांडा. नागरिकत्वासाठी भारतीयाला दहा वर्षं लागतात आणि इथलं सोडावं लागतं. त्या वाटेला न गेलेलं बरं, असं माझं मत.

करावर लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात, म्हणून मी जरा जास्त लिहिते. कॅलेंडर वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त स्पेनमध्ये राहिलात की तिथले करदाते झालात, आणि मग जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवायचं. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त म्हणून तिथेही करमुक्त, असं धरून चालू नका. म्युच्युअल फंड विकले तर नफ्यावर तिथे कर. त्यामुळे विकायचं, मोडायचं, मुलांच्या नावावर करायचं ते तिथले करदाते होण्याआधी उरका. जुलैच्या मध्यानंतर पोहोचलात तर त्या वर्षाचे १८३ दिवस भरत नाहीत आणि डिसेंबरपर्यंत थोडी उसंत मिळते. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, पण सरकारी निवृत्तिवेतन आणि खासगी कंपनीचं पेन्शन यांना त्यात वेगवेगळी कलमं आहेत. तुमचं कुठल्यात येतं ते सीएला लेखी विचारा. परदेशातली मालमत्ता एका प्रकारात ५०,००० युरोच्या वर गेली की ‘मोदेलो ७२०’ नावाचं विवरण ३१ मार्चच्या आत भरायचं. कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट त्यात नक्की येतो. संपत्ती कराचे दर प्रांतागणिक बदलतात, माद्रिद आणि आंदालुसियात त्यावर पूर्ण सूट आहे. आंदालुसियातलं मालागा की व्हॅलेन्सिया, हे ठरवताना हवेइतकंच हेही बघा.

इकडची बाजू. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्या, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासीला नवे पैसे ठेवता येत नाहीत, फ्लॅट भाड्याने दिलात तर भाडेकरूला अनिवासी मालकाचा ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापावा लागतो, हे त्याला आधीच सांगा. कुलमुखत्यारपत्र इथे असतानाच दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. तिथून पाठवलं तर महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. सोसायटीत नॉमिनेशन तपासा. पेन्शनसाठी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, तो एकदा घरी करून बघा. आणि इथलं सिम बंद करू नका! बँक, आधार, आयकर, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. रोमिंग सुरू आहे, रिचार्ज कोण करणार हे ठरलं आहे, आणि दोघांचे नंबर वेगवेगळ्या खात्यांना जोडलेले आहेत, एवढं बघा.

मृत्युपत्राची गोष्ट जोडपी टाळतात. २०१५ पासून युरोपात नियम असा की माणूस जिथे राहत होता तिथला वारसा कायदा लागू होतो, आणि स्पेनच्या सर्वसाधारण कायद्यात मुलांचा दोन-तृतीयांश वाटा राखीव असतो. सगळं आधी बायकोला, मग मुलांना, असं तुमच्या मनात असेल तर मृत्युपत्रात आपल्या देशाचा कायदा लागू करावा, असं स्पष्ट लिहावं लागतं. तशी मुभा त्याच नियमात आहे.

भाषा किमान वर्षभर आधी सुरू करा. मराठी माणसाला उच्चार जड जात नाहीत. त, द आपलेच, स्वर पाचच. अडतं ते फोनवर, समोरचा चेहरा दिसत नाही तेव्हा. वेळ मागणं, पत्ता सांगणं, दुखतंय कुठे ते सांगणं, नळ गळतोय म्हणून घरमालकाला बोलावणं, एवढं फोनवर जमेपर्यंत शिकणं थांबवू नका. दोघांनीही शिका. एकच शिकला तर दुसऱ्याचा दवाखाना, बाजार, शेजार सगळं त्याच्यावर पडतं. व्हॅलेन्सियात सरकारी पत्र व्हॅलेन्सियन भाषेतही येतं. ते कळलं नाही तर आपलं स्पॅनिश कच्चं राहिलं म्हणून घाबरू नका.

आता घर. पहिलं वर्ष भाड्याने राहा, इथला फ्लॅट विकू नका. साधा निवासी करार असेल आणि मालक व्यक्ती असेल तर भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहण्याचं संरक्षण आहे, अनामत एक महिन्याची, आणि २०२३ च्या कायद्यापासून एजंटची फी मालकाने द्यायची. म्हणूनच पुष्कळ मालक ‘तेम्पोरादा’ म्हणजे हंगामी करार पुढे करतात, बहुधा अकरा महिन्यांचा. आपल्याला अकरा महिने ऐकून घरचं वाटतं. तिथे तीच पळवाट आहे. घर जानेवारीत बघा. दक्षिणेकडच्या कितीतरी घरांत हीटिंग नसतं आणि फरशी पाय बधिर करते. २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा तळमजला घेण्याआधी पूररेषेचा नकाशा बघा. लिफ्ट बघा. बस बघा, कारण भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं आणि ते बदलून मिळत नाही, परीक्षा नव्याने द्यावी लागते. २८ एप्रिल २०२५ ला बेटं सोडून जवळपास सगळ्या देशाची वीज गेली तेव्हा कार्डं चालेनात. घरात थोडी रोकड आणि टॉर्च असू द्या.

सामानात तूप, पेढे, खव्याचं काहीही नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ प्रवाशाने आणलेले चालत नाहीत. कढीपत्ताही नाही. गंमत म्हणजे नारळ चालतो. मसूर आणि छोले तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, तूरडाळीसाठी भारतीय किंवा पाकिस्तानी दुकान गाठावं लागतं. शाकाहारी असाल तर ‘मांस नको’ एवढं सांगून पुरत नाही. हॅम आणि टूना यांना बरेच वेटर मांसात धरत नाहीत. त्यांची नावं घेऊन नको म्हणा.

पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात नगरपालिकेत पत्त्याची नोंद, ‘पाद्रोन’, करा. हंगामी करारावर मालक नको म्हणाला तर ते घर सोडा. एका महिन्याच्या आत बोटांचे ठसे देऊन परदेशी ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो, पण त्याची ‘सिता प्रेव्हिया’, म्हणजे आगाऊ वेळ, मोठ्या शहरांत पटकन मिळत नाही, म्हणून विमानतळावरून घरी पोहोचल्या दिवसापासून साइट बघायला लागा. ७९० क्रमांकाच्या फॉर्मची, कोड ०१२ ची, फी बँकेत भरून पावती बरोबर न्या. फोटो ३२ बाय २६ मिलिमीटरचा लागतो. आपला पासपोर्ट साइजचा चालत नाही, तो तिथेच काढून घ्या.