जुना लॅपटॉप चालूच होत नाही? आधी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवा

कोणी "लॅपटॉप मेला" म्हणत आलं की मी आधी एकच विचारते: बटण दाबल्यावर नेमकं काय होतं? "काहीच नाही" हे उत्तर मी मानत नाही. पुन्हा बटण दाबायला लावते आणि कान कीबोर्डजवळ न्यायला सांगते. पंखा फिरतोय का? कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागतो-विझतो का? तसं असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त स्क्रीन काळी आहे. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. पुसटसं चित्र दिसलं तर गेलाय तो बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनला मागून उजळवणारा दिवा. बाहेरचा मॉनिटर जोडला की उरलीसुरली शंका फिटते.

खरंच हूं की चूं नसेल, तर वीज कुठपर्यंत पोचतेय ते बघत सॉकेटपासून आत यायचं. सॉकेट दुसरं काहीतरी लावून तपासा. मग चार्जर. त्याच्यावरचा दिवा लागतो म्हणून तो धडधाकट, या समजुतीवर बऱ्याच जणांचा वेळ जातो. लेबलवर आउटपुटसमोर १९, १९.५ किंवा २० व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचा मीटर, डीसी व्होल्टवर घ्या, पण २०च्या नव्हे, २००च्या रेंजवर. साध्या मीटरवर २०ची रेंज १९.९९लाच संपते, आणि २० व्होल्टचा चांगला चार्जर लावला तरी समोर नुसता १ दिसतो. लाल प्रोब गोल पिनच्या आतल्या भिंतीला, काळा बाहेरच्या बाजूला; दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. काही पिनांच्या मधोमध सुईसारखी बारीक तार असते. ती चार्जर ओळखण्यासाठी असते, तिच्यावर मोजू नका. नाहीतर चांगला चार्जर कचऱ्यात जाईल. मोजताना पिनजवळची वायर हळूच वाकवा. आकडा उड्या मारायला लागला तर वायर आतून तुटली आहे.

आकडा बरोबर आला तरी लोड पडल्यावर चार्जर मान टाकू शकतो. म्हणून दुसरा चार्जर लावून बघणं ही खरी परीक्षा: व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिन तीच. आणि एक खूण लक्षात ठेवा. पिन लॅपटॉपमध्ये घालताक्षणी चार्जरचा दिवा विझत असेल, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. मग पुन्हा पुन्हा लावून बघण्यात अर्थ नाही, ते काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं.

चार्जर चांगला निघाला, तर तो काढा, बॅटरी काढा आणि पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग बॅटरी न लावता फक्त चार्जरवर चालू करा. हा उपाय गंडादोऱ्यासारखा वाटतो, पण त्याला कारण आहे. बटणाचं ऐकणारी एक छोटी चिप मदरबोर्डवर असते. ती अडकली की बटण दाबूनही उपयोग नसतो. उरलीसुरली वीज निघून गेली की ती नव्याने सुरू होते. असा चालू झाला आणि बॅटरी लावल्यावर पुन्हा रुसला, तर बॅटरीच दोषी.

बॅटरी आत असेल तर मात्र खालचं झाकण उघडावं लागतं. टचपॅड वर उचलला गेलाय किंवा झाकण नीट बसत नाहीये, असं दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबू नका, टोचू नका, चार्ज तर अजिबात करू नका. एरवी झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवण्याचं. मग पॉवर बटणाची चपटी पट्टी निसटली नाही ना, ते पाहा. चार्जरचा जॅक बोटाने हलवून बघा. लटलटत असेल तर सापडला चोर. रॅमच्या (मेमरीच्या) पट्ट्या काढून सोनेरी टोकं खोडरबरने पुसा, चुरा झटका आणि एकेकच पट्टी लावून पाहा. पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, अशा मशीनना याचा गुण जास्त येतो. मदरबोर्डवर तारीख-वेळ सांभाळणारी नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी असते, ती ३ व्होल्टच्या आसपास असावी. ती उतरल्यावर बहुतेक मशीन फक्त तारीख-वेळ विसरतात, पण काही जुनी मॉडेलं अडून बसतात.

एवढं करूनही हलला नाही, तर दुरुस्तीला देण्याआधी हार्ड डिस्क काढून घ्या. मशीन बंद पडलं म्हणजे फोटो गेले असं नाही. अडीच इंची साटा डिस्क यूएसबी केसमध्ये घातली की दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद असेल तर ती उघडणारा लांबलचक कोड, म्हणजे रिकव्हरी की लागेल, ती आधीच शोधून ठेवा. आणि दुकानात "चालू होत नाही" एवढंच सांगू नका. चार्जरचे किती व्होल्ट आले आणि पिन लावल्यावर दिवा विझतो की नाही, हे कागदावर लिहून सोबत द्या.