मे महिन्यात विदर्भात लग्न काढलंय? मग उन्हाची तयारी आधी

पत्रिका छापायला टाकण्याआधी गुरुजींना विचारून घ्या, गोरज मुहूर्त मिळतो का? दुपारी साडेबाराचं लग्न म्हणजे अकरा ते तीन वरात, अक्षता आणि पंगत, सगळं भर उन्हात. नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता, आणि हा आकडा सावलीतला असतो. डांबरी रस्त्यावर नाचणाऱ्या वऱ्हाडाला यापेक्षा जास्तच सोसावं लागतं. 25 मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, तेव्हा जमल्यास त्याच्या आधीचीच तारीख धरा. नाहीच जमलं, तर निदान वरात अर्ध्या किलोमीटरवर आणा आणि घोडा-डीजेचा हट्ट असणाऱ्या मित्रमंडळींना आधीच सांगून ठेवा. हे सांगायला वाईटपणा घेणारा एक मामा प्रत्येक घरात असतोच, त्याला पुढे करा. लग्नाच्या चार-पाच दिवस आधीपासून हवामान खात्याचा अंदाज रोज पाहा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर वरात रद्द करून नवरदेवाला गाडीतून थेट मंडपात उतरवलं, म्हणून कुणाची इज्जत जात नाही.

मंडपवाल्याशी बोलताना झालरी-झुंबरांवर कमी आणि हवेवर जास्त बोला. वरचं कापड पांढरं घ्या, चारही बाजूंच्या कनाती बंद नकोत. कूलर कितीही लावले तरी हवा बाहेर पडायला वाट हवी. हॉलची दारं-खिडक्या लावून घेतली की तासाभरात आत दमट कोंडी होते, घाम वाळत नाही आणि कूलर असून नसल्यासारखा होतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि पाणी भरताना कूलर बंद करायचा, हे काम एकाच माणसावर सोपवा. ओल्या हाताने कूलरला लागून शॉक बसण्याचे प्रकार आपल्याकडे दर उन्हाळ्यात होतात.

पाण्याचा हिशेब तोंडी नको. चार तासांच्या कार्यक्रमाला माणशी दोन लिटर धरलं, तर तीनशे पाहुण्यांना सहाशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीस जार. शिवाय पाच जार जास्तीचे. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, घामातून मीठही जातं. म्हणून स्वागताला कोल्ड्रिंक ठेवण्यापेक्षा मीठ घातलेला मठ्ठा किंवा पन्हं ठेवा. स्वस्तही पडतं. ओआरएसची पाकिटं औषधाच्या दुकानातून घ्या, एका लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच कालवा, ग्लासात नाही. गोड चवीच्या तयार पेयांवर विसंबू नका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खिशात कांदा ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा, पण त्याच्या भरवशावर डोक्याचा दुपट्टा सोडू नका.

आता काळजी कुणाची करायची? आजी-आजोबांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, आणि असावंच. त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळ्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारून घ्या, स्वतःहून बंद मात्र करू नका. पण माझ्या मते खरा धोका तिघांना असतो, आणि तिघांकडेही कुणी पाहत नाही. एक, भट्टीपुढचा आचारी. दोन, जाड कोट-टोपी घालून ट्रम्पेट फुंकणारे बँडवाले. तीन, मुंबई-पुण्याहून सकाळी उतरलेले पाहुणे. इथल्या उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि हे थेट वरातीत नाचतात, तेही कधी कधी ‘घेऊन’. बँडवाल्यांना कोट नको म्हणून सांगा, त्यांच्या गाडीत पाण्याचा जार ठेवा. भट्टी झाडाच्या सावलीत लावा आणि आचाऱ्याला आलटून-पालटून बसायला मिळेल असा जोडीदार द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा कोपरा. मंडपाच्या मागे सावलीत एक खाट, एक मोठी ताडपत्री, दोन-तीन चादरी, एक फर्राटा पंखा, पाण्याचे ड्रम आणि पोत्यात, भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी ठेवा. खाण्यासाठी नसलेली निळसर लादीही चालेल, फक्त ती सरबतात जाणार नाही एवढं पाहा.

पोटऱ्यांत गोळे आले, डोकं दुखलं, मळमळलं, चक्कर आली, तर सावलीत आडवं करा, पाय उंच, कपडे सैल, अंग ओलं करून पंखा, घोट-घोट ओआरएस. बहुतेक जण अर्ध्या-पाऊण तासात सावरतात, नाहीतर दवाखाना. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. ‘घाम येतोय, म्हणजे ऊन लागलेलं नाही’ यावर जाऊ नका. नाचणाऱ्या तरुणाला उष्माघातातही घाम असू शकतो.

एकाने 108 लावायचा, बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला लागायचं. गाडीत घालून तालुक्याला पळवण्यात जो अर्धा तास जातो, तोच जीवघेणा असतो. तरुण असेल तर ताडपत्रीवर निजवा, चौघांनी कडा उचलून झोळी करा, डोकं बाहेर ठेवून पाणी-बर्फ ओता आणि हलवत राहा. म्हाताऱ्या माणसाला ओली चादर, जोरात पंखा, मान-काख-जांघेत कपड्यात गुंडाळलेला बर्फ. बाईमाणूस असेल तर दोघींनी चादरींचा आडोसा धरावा. शालू-शेरवानी उतरवायच्या संकोचात वेळ जातो, म्हणून हे आधीच ठरवलेलं बरं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, कुशीवर वळवा. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा ताप नव्हे. तापात शरीर स्वतःच पारा चढवतं, इथे शरीराची गार होण्याची ताकदच संपलेली असते. नीट बोलू लागला तरी दवाखान्यात न्यायचंच. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात उष्माघात कक्ष आहे का आणि तिथला नंबर काय, हे आठवडाभर आधी विचारून मंडपातल्या खांबावर लिहून ठेवा.

किरकोळ गोष्टी लगेच आटपतात. उन्हाने चामडी लाल झाली तर गार पाण्याच्या पट्ट्या आणि कोरफड, टूथपेस्ट किंवा थेट बर्फ नको. घामोळ्यांना सुती कपडा. मुलांना बंद गाडीत ‘पाच मिनिटं’ही सोडू नका, आणि गाड्यांच्या चाव्या कुणाकडे आहेत ते ठाऊक असू द्या. दुसऱ्या दिवशी कुणाची लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, अंग ठणकत असेल, तर ‘नाचून थकला’ म्हणून सोडू नका. स्नायूंना इजा झाली की किडनीवर ताण येतो, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.