व्हॅक्यूम ब्रेकचे जुने डबे : या चुका टाळा

जुना प्रवासी डबा जतनासाठी शेडमध्ये आला की त्याच्या सागवानावर, रंगावर आणि पितळी दांड्यांवर महिनोन्महिने मेहनत घेतली जाते, आणि ब्रेकची पाळी मात्र उद्घाटनाच्या आठवड्यात येते. पुढच्या बहुतेक चुका या घाईतून होतात.

व्हॅक्यूम ब्रेक सुटलेला असताना सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वर आणि खाली, दोन्हीकडे निर्वात असतो. ट्रेन पाइपमध्ये, म्हणजे इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत जाणाऱ्या ब्रेकच्या नळीत, हवा शिरली की ती फक्त खालच्या बाजूला पोहोचते, कारण बॉल व्हॉल्व्ह वरची वाट बंद करतो. मग वातावरणाचा दाब पिस्टनला वर ढकलतो आणि ब्रेक लागतो. ब्रेकची सारी ताकद अशी वरच्या बंदिस्त कप्प्यात साठलेली असते, आणि तो कप्पा किती घट्ट आहे हे इंजिनातल्या निर्वातमापक गेजवर दिसत नाही.

म्हणूनच रोलिंग रिंगला वंगण लावणे ही मला सर्वांत अक्षम्य चूक वाटते. ही गोल छेदाची रबरी रिंग पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये लोळत वर-खाली जाते. एका मीटरगेज डब्याची तपासणी करताना गेजवर ५३ सेंटिमीटर (पाऱ्याचे, म्हणजे सुमारे २१ इंच) निर्वात स्थिर होता, होज (डब्याच्या टोकाची लवचीक नळी) उघडताच ब्रेक ब्लॉक चाकांना भिडले, आणि जमलेल्या मंडळींनी काम फत्ते झाले असे मानले. मी ग्लँडच्या (सिलिंडरच्या तळाशी रॉड बाहेर येतो तिथल्या सीलच्या) कडेला पिस्टन रॉडवर खडूची रेघ मारली आणि सर्वांना चहाला नेले. परत आलो तेव्हा रेघ बरीच खाली उतरली होती, ब्लॉक सैल पडले होते आणि त्या उताराच्या सायडिंगवर डबा केवळ चाकांखालच्या लाकडी वेजमुळे उभा होता. सिलिंडर उघडल्यावर पिळलेली, ग्रीसने माखलेली रिंग निघाली. ती सहज चढावी म्हणून एका उत्साही तरुणाने ग्रीस लावले होते. वंगणामुळे रिंग लोळण्याऐवजी घसरते आणि पिळली जाते, शिवाय खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. रिंग कोरडी बसवावी, तिला कुठेही पीळ राहू देऊ नये, आणि त्याआधी भिंतीवरचा गंज पूर्ण काढावा. खडूची रेघ अर्धा तास जागेवर राहिल्याशिवाय मी कोणताही सिलिंडर स्वीकारत नाही. हा वेळ फुकट जातो असे म्हणणाऱ्याने डब्याखाली हात घालू नये.

रिंग उत्तम असली तरी उभा डबा केवळ व्हॅक्यूमच्या भरवशावर सोडू नये. हँडब्रेक आणि वेज हवेतच. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्माजवळ चढावर अडलेल्या गाडीचे दोन भाग करण्यात आले. तिचा ब्रेक साधा व्हॅक्यूमचा होता, स्वयंचलित नव्हता; म्हणजे डबे सुटले की तो आपोआप लागत नसे. त्यामुळे सुटलेल्या मागच्या डब्यांना गार्डचा हँडब्रेक आणि चाकांखालचे दगड एवढाच आधार उरला. ते डबे मागे घरंगळून पाठोपाठ येणाऱ्या गाडीवर आदळले आणि सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी ब्रिटिश कायद्याने प्रवासी गाड्यांना सलग, म्हणजे सर्व डब्यांवर एकत्र चालणारे, स्वयंचलित ब्रेक बंधनकारक झाले.

दुसरी चूक म्हणजे ब्रेक धरला, म्हणजे सुटायला हवा तेव्हाही लागून राहिला, की कारण न शोधता रिलीज वायर ओढणे. वायर ओढल्याने पिस्टनच्या दोन्ही बाजू जोडल्या जातात आणि ब्रेक सुटतो, हे खरे; तिचा योग्य उपयोगही आहे. ब्रिटनमध्ये ग्रेट वेस्टर्नची इंजिने २५ इंच निर्वात करीत, तर इतरत्र २१ इंचांचा प्रघात होता. २५ इंचांच्या इंजिनाच्या जागी २१ इंचांचे इंजिन लागले की वरच्या कप्प्यात जास्तीचा निर्वात उरतो आणि ब्रेक घासत राहतो. तेव्हा प्रत्येक डब्याची वायर ओढावीच लागते. मात्र इंजिन बदललेले नसताना एकच डबा पुन्हा पुन्हा धरत असेल, तर अडकलेला बॉल व्हॉल्व्ह, आतून सोललेला होज किंवा गंजलेले ब्रेक रिगिंग (सिलिंडरपासून ब्लॉकपर्यंतचे दांडे आणि तरफा) तपासावे. शंटिंगसाठी पाइपमध्ये निर्वात नसताना वायर ओढली असेल, तर त्या डब्याला ब्रेकच उरत नाही. इंजिन जोडून कप्पे पुन्हा रिकामे होईपर्यंत तो हलवू नये.

झिजलेले ब्लॉक चालवून घेऊ नयेत: पिस्टन जास्त वर जातो, वरच्या कप्प्यातली उरलीसुरली हवा दाबली जाते आणि ब्रेकचा जोर घटतो.

गळती शोधायला साबणाचे पाणी वापरू नये, कारण इथे हवा आत ओढली जाते आणि फेस येतच नाही. मी उदबत्तीचा धूर सांध्याजवळ धरतो. सुरुवात प्रवाशांच्या धोक्याच्या साखळीच्या क्लॅपेट व्हॉल्व्हपासून (साखळी ओढल्यावर पाइपमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेपासून) करतो, कारण अनेकदा ओढलेली साखळी बाहेरून नीट पूर्ववत केलेली नसते.

शेवटच्या डब्याचा होज डमीवर (नळीचे तोंड बंद करणाऱ्या बुचावर) घट्ट बसवावा, वॉशर हाताने तपासावा, आणि निर्वाताचे माप इंजिनात न घेता त्याच टोकाला गेज लावून घ्यावे.