कॅमेऱ्याचे खोटे अलर्ट: सेन्सिटिव्हिटीला हात लावायच्या आधी

मोबाईल रात्रभर वाजत राहिला की बहुतेक जण आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती बारीक हालचालीला अलर्ट द्यायचा ती सेटिंग, उतरवतात. तरीही वाजला की अलर्टच बंद करून टाकतात. साधं मोशन डिटेक्शन माणूस ओळखत नाही, ते फक्त आधीच्या आणि आताच्या चित्रातला फरक मोजतं. सेन्सिटिव्हिटी कमी केली तरी कोळी सापडतच राहतो, कारण तो लेन्सला लागून असतो आणि चित्रात मोठा दिसतो. सुटतो तो लांब फाटकाशी उभा असलेला माणूस. म्हणून सेन्सिटिव्हिटीची पट्टी सगळ्यात शेवटी हलवायची.

सुरुवातीला दोन दिवसांचे अलर्ट उघडून वेळ आणि कारण कागदावर टिपा. वेळेवरूनच बराच उलगडा होतो. दिवेलागणीला ओळीने येणारे अलर्ट म्हणजे कॅमेरा दिवसाच्या आणि रात्रीच्या मोडमध्ये घुटमळतोय. सेटिंगमध्ये मोड बदलण्याचा विलंब असेल तर तो वाढवा. रोज ठरावीक दुपारी येणारा अलर्ट बहुधा माडाच्या सावलीचा. रात्री पांढरे गोळे किंवा दोरे दिसत असतील तर किडे आणि जाळी.

किड्यांचा त्रास सर्वात चिवट. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे (अंधारात बघायला, डोळ्यांना न दिसणारा उजेड देणारे) लेन्सच्या भोवतीच असतात, त्यामुळे समोरून गेलेलं चिलटही झगझगीत पांढरं उमटतं. किडे येतात म्हणून कोळी तिथंच जाळं विणतो, आणि वाऱ्यानं जाळं हललं की अलर्ट. यावर खात्रीचा उपाय एकच: उजेड लेन्सपासून लांब न्या. कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड बंद करून दोन-तीन मीटर बाजूला पिवळसर एलईडी बल्ब लावा. पांढऱ्याशुभ्र बल्बपेक्षा पिवळसर उजेडाला किडे कमी येतात, आणि जे येतात ते बल्बपाशी घोटाळतात. अंगणात रात्रभर उजेड नको असेल तर वेगळा इन्फ्रारेड दिवा मिळतो, तोही असाच बाजूला बसवायचा. जाळं पंधरा दिवसांनी कोरड्या ब्रशने काढा. लेन्सच्या आसपास तेल किंवा कसला तेलकट फवारा मारू नका, त्याला धूळ चिकटते आणि रात्री तीच चमकते.

पावसाळ्यात जागेचा दोष उघडा पडतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तर पाऊस आडवा येतो. कॅमेरा पत्र्याच्या किंवा कौलांच्या कडेला लावलेला असेल तर पागोळ्या थेट लेन्ससमोर पडतात. तो हातभर आत घ्या, पण फार आतही नको, नाहीतर वरच्या छज्ज्यावर किंवा बाजूच्या भिंतीवर इन्फ्रारेड आपटून सगळं चित्र पांढुरकं होतं. मृगाच्या आधी काच पुसणं, केबलच्या जोडाला पाणी लागत नाही ना ते बघणं आणि समोरची फांदी छाटणं, एवढं करून ठेवा. लोखंडी खांबावरचा कॅमेरा वाऱ्यानं डोलतो आणि अख्खं चित्रच सरकतं. अशा वेळी झोन (चित्रातला जेवढा भाग कॅमेऱ्यानं तपासायचा तो) आखून काही उपयोग नाही, कॅमेरा भिंतीवर घ्यावा लागतो.

बेळगाव, शहापूर, निपाणीच्या गल्ल्यांत दार थेट रस्त्यावर उघडतं. तिथं कॅमेरा समोर रोखला तर गल्लीतली सगळी वर्दळ अलर्ट होऊन येते. अडीच ते तीन मीटर उंचीवर लावून खाली झुकवा, म्हणजे दार, पायरी आणि कट्टा चित्रात राहतील आणि रस्ता कडेला जाईल. मग अॅक्टिव्हिटी झोन फक्त पायरी-कट्ट्यापुरता आखा. माणसाचे पाय जिथं टेकतात ती जमीन झोनमध्ये हवी. झोन उंच ओढला तर पलीकडून जाणाऱ्याचं डोकं त्यात शिरतं. लाइन क्रॉसिंगची (आखलेली रेषा कुणी ओलांडली तरच अलर्ट) सोय असेल तर उंबऱ्याच्या अलीकडे रेषा ओढून दिशा ‘बाहेरून आत’ ठेवा. ऊस गाळपाच्या हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे दिवे भिंतीवरून फिरतात. तिथं भिंत झोनबाहेर काढा.

नव्या कॅमेऱ्यांत माणूस ओळखायची सोय असते. ती चालू केली की मांजर, कोंबड्या आणि फांद्यांचे बरेचसे अलर्ट थांबतात. फसते ती माणसासारख्या आकारांवर: दोरीवर वाळत घातलेला सदरा, खुंटीवरचा रेनकोट, शेतातलं बुजगावणं. समोरच्या भिंतीवर शुभेच्छांचा फलक असेल तर त्यावरचे हात जोडलेले पुढारीही माणसांतच मोजले जातात. तेवढा तुकडा झोनमधून वगळा. ‘किमान आकार’ची चौकट मिळत असेल तर घरातल्या एकाला सर्वात लांबच्या टोकाला उभं करा आणि चौकट त्याच्यापेक्षा थोडी लहान ठेवा.

लाईट परत आल्यावर अलर्ट येत असेल तर कॅमेरा नव्यानं सुरू होताना होणारा चित्रातला बदल त्याला हालचाल वाटतो. राउटर आणि कॅमेरा दोन्ही छोट्या यूपीएसवर घ्या. अॅडॅप्टरवरचे व्होल्ट जुळले पाहिजेत आणि अॅम्पिअरची बेरीज यूपीएसच्या क्षमतेत बसली पाहिजे. अंधार पडताच कॅमेरा सारखा बंद-चालू होत असेल तर केबलवर संशय घ्या. लांब, बारीक तारेत १२ व्होल्टचा दाब उतरतो, आणि इन्फ्रारेड पेटताच तो आणखी पडतो. जाड तार घ्या किंवा अॅडॅप्टर कॅमेऱ्याजवळ न्या. ट्यूबलाइटखालच्या चित्रात पट्टे सरकत असतील तर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करा, आपली वीज तीच आहे.

पाण्याच्या मोटारीच्या खोलीवर लावतात त्या बॅटरीच्या कॅमेऱ्यांत बहुधा पीआयआर सेन्सर असतो. तो चित्र नव्हे, उष्णतेतला बदल पाहतो. तापणाऱ्या पत्र्याकडे किंवा मावळतीकडे तोंड करून लावला तर दुपारी फसतो. वाट त्याच्या समोरून आडवी जाईल असा बसवा, सरळ अंगावर येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. अथणी, रायबागकडच्या कडक उन्हाळ्यात हवा अंगाइतकीच तापते आणि खरा माणूसही सुटू शकतो, म्हणून तिथं एप्रिल-मेमध्ये सेन्सिटिव्हिटी उतरवू नका.

एवढं झाल्यावर आता ती पट्टी एकेक पायरी खाली आणा. प्रत्येक पायरीनंतर रात्री टॉर्च न घेता एकाला फाटकातून दारापर्यंत चालवा, एकदा सरळ आणि एकदा भिंतीला लागून वाकून. अलर्ट चुकला की एक पायरी मागं. रेकॉर्डिंगला मात्र हात लावू नका: विजेवरच्या कॅमेऱ्यात मेमरी कार्डवर सलग रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि दिवसा घरात माणसं असतात त्या वेळेत वेळापत्रक लावून फक्त नोटिफिकेशन बंद ठेवा.