मोनोफिन घेताना पायाचा कप्पा आधी तपासावा

हौशी फ्रीडायव्हिंगसाठी, म्हणजे श्वास रोखून पाण्याखाली पोहण्यासाठी, मोनोफिन (दोन्ही पाय एकत्र अडकवायचे, एकच रुंद पाते असलेले पोहण्याचे साधन) घेताना बहुतेकांचे लक्ष पात्याकडे जाते, परंतु अर्ध्या तासात पाण्याबाहेर यायला लावतो तो पावलांना करकचून आवळणारा रबरी कप्पा.

१. मोनोफिन संध्याकाळी घालून पाहावी, कारण दिवसभरात पावले किंचित सुजलेली असतात आणि सकाळी नेमका वाटलेला कप्पा तेव्हा घट्ट होतो.

२. एक ते दोन मिलिमीटर जाडीचे निओप्रीनचे (फोमसारख्या लवचिक रबराचे) मोजे घालूनच माप ठरवावे. दोन्ही पावलांत थोडा फरक असल्यास मोठ्या पावलाच्या मापाचा कप्पा निवडून लहान पावलात जाड मोजा घालावा. कप्पा पुढे सैल होईल या आशेवर लहान माप घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

३. कोरडे रबर कातडीला धरून ठेवते, म्हणून पाय आणि कप्पा दोन्ही ओले करून मोनोफिन चढवावी व पंधरा-वीस मिनिटे बसून राहावे. बोटांना मुंग्या आल्यास किंवा पावलाच्या वरच्या बाजूस वळ उठल्यास ती नाकारावी. टाच मात्र हलता कामा नये.

४. पाते मऊच घ्यावे. कडक पात्याने मांड्या आणि कंबर लवकर थकतात.

मोनोफिनमध्ये दोन्ही पाय एकत्र अडकलेले असल्याने, पहिली चाचणी उथळ तलावात आणि जाणकार सोबती शेजारी असतानाच करावी.