जांभळाचा रंग आणि ५१७ नॅनोमीटर

बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधून आणलेल्या जांभळांच्या गराचा मिथेनॉलमधील अर्क डीपीपीएच चाचणीला (डीपीपीएच या जांभळ्या रसायनाने अँटिऑक्सिडंट क्षमता मोजण्याची चाचणी) लावला, तेव्हा अर्काचे प्रमाण वाढवूनही शोषणांक, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते त्याचे माप, अपेक्षेइतका उतरेना. सर्वांत दाट नमुन्यात तर तो उलट चढला. अँटिऑक्सिडंटमुळे डीपीपीएचचा जांभळा रंग फिका पिवळा होतो आणि शोषणांकातील ही घट ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला मोजतात. परंतु गरातील अँथोसायनिन हे रंगद्रव्यही ५२० च्या आसपासच प्रकाश शोषते. म्हणून प्रत्येक प्रमाणासाठी डीपीपीएचऐवजी तेवढेच मिथेनॉल घातलेला स्वतंत्र कोरा नमुना ठेवून त्याचे वाचन वजा केले, आणि उतार नीट दिसू लागला. (बियांच्या फिकट अर्काला हा खटाटोप फारसा लागला नाही.) नळ्या अर्धा तास अंधारात ठेवणे मात्र दोन्हींना आवश्यकच, कारण उजेडात डीपीपीएचचे विघटन होते.